वकिलाच्या पाटीवर काय नसतं? : माणगावच्या पट्ट्यातली व्यवसायाची वकिली

आजचा विषय वकिलांचा आहे. वकिलांवरचे विनोद सगळ्यांनाच येतात, ते आज बाजूला ठेवू. प्रश्न असा घेतला आहे : जमिनीचा व्यवहार, भागीदारी, कंपनीशी करार, अडकलेली बिलं, भूसंपादनाचा मोबदला, अशा कामांसाठी माणगावसारख्या ठिकाणी माणूस वकिलाकडे जातो, तेव्हा समोर बसलेला वकील कुठून आलेला असतो? तो काय शिकला, कोणाच्या हाताखाली शिकला, त्याआधी काय करत होता? आणि त्याने आपल्या कामात काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि बऱ्याचदा तो दोन-चार वर्षांनी कळतो. म्हणून हा विषय.

आधी जागेबद्दल थोडं. हे व्याख्यान दूरवरचे लोकही ऐकतात, तेव्हा सांगून टाकू, की हे रायगड जिल्ह्यातलं माणगाव. १९२० ची प्रसिद्ध माणगाव परिषद, जिथे शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले, ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. ही गल्लत दरवर्षी कोणीतरी करतोच. आपलं माणगाव काळ नदीकाठचं, मुंबई-गोवा महामार्गावरचं, कोकण रेल्वेचं स्टेशन असलेलं. इथे जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय बसतं, प्रांताधिकारी कार्यालय आहे, तहसील आहे, दुय्यम निबंधक आहे. म्हणजे जमिनीच्या कागदाचा जन्म, फेरफार आणि भांडण, तिन्ही एकाच गावात होतात. बाजूला विळे-भागाडची औद्योगिक वसाहत, तिथे पोस्कोचा पोलाद कारखाना. लोणेऱ्याला १९८९ पासूनचं तंत्रशास्त्र विद्यापीठ. आणि खाली दिघी बंदराचा पट्टा : ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशभरात जी बारा औद्योगिक शहरं मंजूर केली, त्यांत दिघीचं नाव आहे. आता एवढ्या सगळ्या गोष्टी एका तालुक्याच्या आसपास आल्या, की वकिलाचं काम बदलणारच. पूर्वी बांधाची आणि वाटपाची भांडणं असायची. ती आजही आहेत, पण त्यांच्या जोडीला आता इंग्रजीतले साठ-साठ पानांचे करार आले.

आता पाटीकडे येऊ. माणगावच्या कोर्टाजवळून चालत गेलात तर पाट्या दिसतात : ॲड. अमुक अमुक, बी.ए., एलएल.बी.; दुसरी, बी.कॉम., एलएल.बी., डी.टी.एल.; तिसऱ्या पाटीवर नोटरीही लिहिलेलं. डी.टी.एल. म्हणजे करविषयक कायद्यांची पदविका. काहींच्या नावापुढे कामगार कायद्याची पदविका असते. बस, एवढंच. ‘जमिनीच्या कामात निष्णात’, ‘माजी न्यायाधीश’, ‘अमुक कंपनीचे सल्लागार’ असं काही दिसत नाही. का नाही?

कारण तसं लिहायला बंदी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ३६ क्रमांकाचा नियम आहे. वकिलाने जाहिरात करायची नाही, दलाल लावायचे नाहीत, पाटी माफक आकाराची ठेवायची, आणि त्या पाटीवर आपण न्यायाधीश होतो, महाधिवक्ता होतो, अमुक संस्थेशी संबंधित आहोत किंवा अमुक प्रकारच्या कामात विशेष आहोत, यातलं काही लिहायचं नाही. २००८ मध्ये या नियमाला थोडी सवलत मिळाली : स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक आणि तारीख, कोणत्या राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंद, शैक्षणिक आणि व्यावसायिक पात्रता, आणि कोणत्या क्षेत्रात काम करतो, एवढं देता येतं. अमेरिकेतल्या एखाद्या लॉ फर्मचं पान उघडलं तर प्रत्येक वकिलाचा फोटो, कोणत्या न्यायाधीशाकडे उमेदवारी केली, किती कोटींचे सौदे केले, सगळं दिसतं. आपल्याकडे ते नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या ऑनलाइन जाहिरातबाजीवर कडक निकाल दिला, त्यानंतर बार कौन्सिलने तशा संकेतस्थळांना पत्रं पाठवली.

हा नियम योग्य की अयोग्य? आमचं मत सांगतो. हेतू चांगला आहे. वकिली हा बाजार होऊ नये, हे बरोबर. पण परिणाम असा झाला, की मुंबईतल्या मोठ्या फर्मला नियमाने काही अडत नाही, कारण तिचं नाव इंग्रजी वर्तमानपत्रात सौद्यांच्या बातम्यांतून येतंच. अडतं कोणाचं? निजामपूरच्या शेतकऱ्याचं. त्याला वकिलाची पार्श्वभूमी कळायचे मार्ग दोनच : गावातल्या कोणीतरी सांगितलं, नाहीतर एजंटने नेऊन बसवलं. दुसरा मार्ग सर्रास वापरला जातो, आणि नियमाने बंदी आहे ती नेमकी त्यालाच.

आता थोडा इतिहास बघू, म्हणजे आजच्या पाट्यांचा उलगडा होईल. १९६१ पूर्वी ‘वकील’ हा एक माणूस नव्हता, जिना होता. सगळ्यात खालच्या पायरीवर मुखत्यार, वर वकील आणि प्लीडर, त्याच्या वर उच्च न्यायालयाचा ॲडव्होकेट, मुंबईत ॲटर्नी म्हणजे सॉलिसिटर, आणि माथ्यावर विलायतेहून आलेला बॅरिस्टर. जिल्हा प्लीडर व्हायला पदवी असलीच पाहिजे असं नव्हतं, परीक्षा पास झाली की सनद मिळे. या परीक्षांसाठी शिकवण्या चालत. लोकमान्य टिळक, आपल्या रत्नागिरीचे, १८७९ चे एलएल.बी.; त्यांनी पुण्यात कायद्याचा क्लास चालवला तो अशाच विद्यार्थ्यांसाठी. तालुक्यातल्या कोर्टात दिसायचे ते बहुतेक असे परीक्षा देऊन आलेले प्लीडर. त्यांना रोमन कायदा येत नसेल, पण मोडी वाचता यायची. आणि कोकणात जमिनीचा जुना कागद मोडीत असतो, त्यामुळे मोडी येणं ही फार मोठी पात्रता होती. आजही आहे, फक्त ती पाटीवर लिहीत नाहीत.

१९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने हा जिना पाडला आणि एकच वर्ग केला : ॲडव्होकेट. मुंबईतली ॲटर्नींची वेगळी चूल त्यानंतरही चालू होती, ती १ जानेवारी १९७७ पासून कायद्याने संपली. तरी सॉलिसिटरची परीक्षा बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही घेते. तीन वर्षं एखाद्या सॉलिसिटरकडे आर्टिकलशिप आणि मग ही परीक्षा. ती पास झालेला माणूस कागद बांधायला शिकलेला असतो. कोर्टात उभं राहून उलटतपासणी घेणं हे त्याचं मूळ शिक्षण नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माणगावच्या दक्षिणेला महाड. तिथल्या चवदार तळ्याचा लढा सगळ्यांना माहीत आहे, पण त्या लढ्याचा दिवाणी दावा कमी लोकांना माहीत असतो. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या कोर्टात काही सवर्णांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. दोन दिवसांत तात्पुरती मनाई मिळवली. मूळ दाव्याचा निकाल १९३१ मध्ये बाबासाहेबांच्या बाजूने, ठाण्याच्या जिल्हा कोर्टात १९३३ मध्ये तोच कायम, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयातही तोच. दहा वर्षं. वरून बघितलं तर समाजाचा प्रश्न. कोर्टात मात्र मुद्दा होता मालकीचा आणि वहिवाटीचा. तळं कोणाचं? नगरपालिकेचं. मग ‘आमचीच वहिवाट आहे’ हे पुराव्याने शाबीत होतं का? झालं नाही.

हे आज सांगायचं कारण बाबासाहेबांची व्यावसायिक पार्श्वभूमी. ते मुळात अर्थशास्त्रज्ञ. कोलंबिया, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्याच्या कॉलेजात, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. मग ग्रेज इनमधून बॅरिस्टर, १९२३ पासून मुंबईत वकिली. आणि १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे ज्या वर्षी महाडचा दावा लागला, त्या वर्षी हा माणूस मुंबईत हिशेबनीसांना कराराचा कायदा शिकवत होता. पुढे १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यात शेतसाऱ्याचं, कुळाचं, भरपाईचं गणित होतं. ते गणित अर्थशास्त्राच्या वर्गातून आलेलं. वकिलाची आधीची वाट त्याच्या वकिलीत अशी उतरते.

ते विधेयक तेव्हा पास झालं नाही. खोती गेली १९४९ च्या कायद्याने. आणि कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. रायगडची, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याची, आजची वकिली या दोन कायद्यांतून घडली आहे. तालुक्याच्या गावातल्या वकिलांच्या जुन्या कपाटांत बघा, ३२ ग ची प्रकरणं, ३२ म ची प्रमाणपत्रं, महसूल न्यायाधिकरणाची अपिलं सापडतील. हा इथल्या वकिलांचा पहिला आणि सगळ्यात मोठा घराणा : महसूलवाले. वडिलांनी कुळांची प्रकरणं चालवली, मुलगा किंवा मुलगी आज त्याच गावांच्या सातबाऱ्यावर कंपन्यांचे व्यवहार बघते. यांना कोणत्या गावात कोणत्या वर्षी फेरफार चुकला हे तोंडपाठ असतं.

दुसरी वाट निवृत्तांची. महसूल खात्यात, बँकेत, निबंधक कार्यालयात नोकरी करताना किंवा निवृत्तीनंतर एलएल.बी. केलेले. यांना फाईल कुठे अडते ते आतून माहीत असतं, आणि ती माहिती खरोखर उपयोगी असते. एक मात्र आहे. अशा वकिलाने ‘साहेब आपल्या ओळखीचे आहेत’ असं सांगितलं, तर ते कौशल्य समजू नका. ओळखीवर मिळालेली परवानगी अपिलात टिकत नाही.

तिसरी वाट कंपनीतून आलेल्यांची. कारखान्याच्या लीगल किंवा मनुष्यबळ विभागात दहा-पंधरा वर्षं काढली, मग स्वतःचं ऑफिस थाटलं. इथे नियम ४९ समजून घ्या : पूर्ण वेळ पगारी नोकरीत असलेल्या वकिलाला वकिली करता येत नाही, त्याने बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवायची असते. तेव्हा ‘माझी सनद २००४ ची’ याचा अर्थ ‘२००४ पासून कोर्टात उभा आहे’ असा होत नाही. पण त्याची नोकरी वाया गेली असंही नव्हे. कंपनी आपल्या पुरवठादाराची बिलं का अडवते, करारातलं कोणतं कलम ती प्रत्यक्षात वापरते आणि कोणतं नुसतं छापते, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

चौथी वाट मुंबई-पनवेलहून परतलेल्यांची. पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, फोर्टातल्या एखाद्या फर्ममध्ये काही वर्षं, मग आईवडिलांसाठी किंवा मुंबईच्या घरभाड्याला कंटाळून गावाकडे. यांचं करारलेखन स्वच्छ असतं. पाचवी वाट सीए आणि कंपनी सेक्रेटरी होऊन मग कायदा केलेल्यांची. यांच्याबद्दल फार बोलत नाही. फक्त एवढं, की जीएसटी, आयकर, कंपनी न्यायाधिकरण, महारेरा इथे सनद नसलेल्या सीएलाही अशिलातर्फे उभं राहता येतं, दिवाणी कोर्टात मात्र नाही.

बायकांची वाट वेगळी सांगायला हवी, कारण ती उशिरा उघडली. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, पण स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा आला १९२३ मध्ये. आज तालुक्याच्या कोर्टात तरुण वकील मुली बऱ्याच दिसतात, बहुतेक घरातल्या पहिल्याच वकील. आणि लोक त्यांना काय काम देतात? घटस्फोट, पोटगी. ‘जमिनीचं काम वकीलसाहेब बघतील, तुम्ही मॅडम ते घरगुती बघा.’ याला काही आधार नाही, नुसती सवय आहे. याच पिढीसाठी एक चांगली गोष्ट ३० जुलै २०२४ ला झाली. सनद नोंदणीला राज्याराज्यांतल्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कायद्यात सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये लिहिलेत, तेवढेच घ्या.

आता या वाटांचा फरक कामात कुठे दिसतो, ते दोन उदाहरणांनी बघू. दोन्ही समजा म्हणून घेतलेली, पण अशी प्रकरणं तुम्ही पाहिली असतील.

समजा इंदापूर बाजूला चार एकर जमीन आहे, आणि मुंबईच्या एका कंपनीला गोदामासाठी ती हवी आहे. कंपनीच्या वकिलाने उत्तम इंग्रजीत करार केला. हमी, नुकसानभरपाई, लवाद, सगळं आहे. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात एक ओळ आहे : ‘कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’. फोर्टातून आलेला नवा वकील ही ओळ वाचून एकतर पुढे जातो, किंवा घाबरून सौदाच थांबवतो. महसूलवाला वकील पहिला प्रश्न विचारतो : ३२ म चं प्रमाणपत्र कधीचं? दहा वर्षं होऊन गेली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर जमिनीच्या आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येते. आकार म्हणजे शेतसारा, तो काही रुपयांत असतो. म्हणजे ज्या ओळीने कोट्यवधींचा सौदा अडला, ती सुटायला लागते किरकोळ रक्कम आणि चलन. पण न भरता खरेदीखत केलं, तर तो व्यवहार कायद्याविरुद्ध ठरू शकतो.

तोच वकील आणखी दोन गोष्टी बघतो. घेणारा शेतकरी आहे का? नसेल तर कलम ६३ आडवं येतं, आणि उद्योगासाठी घेत असेल तर ६३-१अ ची वेगळी वाट आहे, तिला मुदतीच्या अटी आहेत. आणि विकणारा कातकरी किंवा इतर आदिवासी आहे का? असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ अ. बिगर-आदिवासीला विकायची तर शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. या पट्ट्यात कातकरी वाड्या किती आहेत ते आम्ही सांगायला नको. इथे वकिलाच्या अज्ञानाची किंमत कंपनी मोजत नाही, वाडी मोजते.

आता उलट बाजूचं उदाहरण. समजा माणगावात एकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, विळ्याच्या एका कारखान्याला तो माल देतो. आठ लाखांची बिलं दहा महिने अडकली. तो घरच्या ओळखीच्या महसूलवाल्या वकिलाकडे गेला, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे दिवाणी दावा टाकला. काय झालं? २०१८ पासून तीन लाख आणि त्यावरचा व्यापारी वाद हा व्यापारी न्यायालयाचा विषय आहे, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२२ ला पाटील ऑटोमेशनच्या निकालात सांगितलं, की मध्यस्थी टाळून आलेला दावा नाकारला जाईल. दावा नाकारला, कोर्ट फी आणि वर्ष गेलं.

कंपनीत काम केलेल्या किंवा सीएच्या वाटेने आलेल्या वकिलाने आधी विचारलं असतं : उद्यम नोंदणी आहे का, आणि माल देण्याआधीची आहे का? असेल तर २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने, आणि दाद मागायला वेगळी परिषद. चेक परत आला असेल तर आणखी एक घड्याळ चालू होतं : बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघायची, मग एका महिन्यात फौजदारी तक्रार. तर कोण मोठा वकील, कोण छोटा, हा प्रश्नच नाही. कोणत्या कामाला कोण, हा प्रश्न आहे.

भाषेचाही मुद्दा यात येतो. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी. करार इंग्रजीत. साक्षीदार आगरी किंवा कातकरी बोलीत बोलणार. आणि अपील मुंबईला, पुन्हा इंग्रजीत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिकडे गेले. रायगड मुंबईलाच राहिला. तेव्हा इथल्या व्यवसायाच्या वकिलाला या सगळ्या भाषांत ये-जा करावी लागते. एकाच माणसाला हे सगळं येणं दुर्मीळ. म्हणून चार वाटांचे वकील एकत्र येऊन भागीदारी करतात, त्याला आपण लॉ फर्म म्हणतो.

फर्मबद्दल दोन गोष्टी नीट ऐका. एक, वकिलाला वकील नसलेल्या माणसाबरोबर फीमध्ये भागीदारी करता येत नाही. म्हणजे जमिनीचा दलाल आणि वकील मिळून ‘लीगल कन्सल्टन्सी’ काढून फी वाटून घेत असतील तर ते नियमात बसत नाही. दोन, सनद फर्मला नसते, माणसाला असते. कोर्टात वकीलपत्र ज्यांच्या नावाचं आणि सहीचं, जबाबदारी त्यांची. दारावर ज्येष्ठांचं नाव असेल, पण वकीलपत्रावर कालच आलेल्या ज्युनिअरची एकट्याची सही असेल, तर आधी विचारा, उलटतपासणी कोण घेणार? यात काही अपमान नाही. चांगले वकील याचं सरळ उत्तर देतात.

आता फी. महामार्गाच्या रुंदीकरणात आणि औद्योगिक संपादनात या भागात फार मोठ्या रकमा आल्या, आणि त्यांच्याबरोबर एक पद्धत आली : ‘आत्ता काही देऊ नका, वाढीव मोबदल्याचे अमुक टक्के द्या.’ गरीब माणसाला ही सोय वाटते, आम्हाला ते समजतं. पण बार कौन्सिलचा नियम २० स्पष्ट आहे : वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. अमेरिकेत हे चालतं, भारतात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मुंबईच्याच एका ज्येष्ठ वकिलाच्या प्रकरणात हे गैरवर्तन मानलं, आणि २०१७ मध्ये तेलंगणातल्या सुनीता यांच्या प्रकरणात, तिथे अपघाताच्या भरपाईतला टक्का होता, पुन्हा तेच सांगितलं. नियम का आहे? कारण वाटेकरी झालेला वकील तडजोडीचा सल्ला तुमच्या सोयीने देईल की स्वतःच्या? महामार्गाच्या मोबदल्यावर लवादाचा निवाडा पटला नाही, तर कोर्टात जायला तीन महिने आणि सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस असतात, त्यापुढे एकही दिवस नाही. टक्क्यात अडकलेला माणूस या मुदतीत वकील बदलायलाही कचरतो.

आणि चुकलं तर? पूर्वी काही लोक वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जात. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. तो दरवाजा बंद झाला. राहिलं काय? गैरवर्तन असेल तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार. तिचा निकाल एका वर्षात लागला नाही तर ती दिल्लीच्या कौन्सिलकडे जाते. निष्काळजीपणासाठी दिवाणी दावाही करता येतो, पण एक दावा बिघडला म्हणून दुसरा लढायचा, हे किती जणांना जमेल? त्यामुळे पार्श्वभूमी विचारायची ती आधी. सनद क्रमांक विचारा, तो ‘महा’, आकडा, वर्ष असा असतो. याच प्रकारचं काम याच कोर्टात किंवा याच कार्यालयात केलंय का, विचारा. समोरच्या पक्षाचं काम कधी केलंय का, हेही. कारण एका पक्षाचे कागद तयार करून दिल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्याकडून उभं राहता येत नाही. फी किती आणि कधी, हे कागदावर घ्या, आणि भरलेल्या पैशांची पावती घ्या. वकिलाकडे पावती मागायला लोक लाजतात, वाण्याकडे लाजत नाहीत.

वेळ झाली आहे, दोन प्रश्न घेऊ.

एका काकांनी विचारलंय, की शोध अहवाल, म्हणजे सर्च रिपोर्ट, मुंबईच्या वकिलाचा असला तर बँकेला जास्त चालतो का? बँकेचं स्वतःचं वकिलांचं पॅनेल असतं, तिला त्या पॅनेलवरचा लागतो. पण बँकेने अहवाल मान्य केला म्हणजे जमीन निर्वेध झाली असं नाही. तीस वर्षांचा निबंधकाकडचा शोध घेतला, तरी कुळाचा हक्क, वारसांचा फेरफार, वनाची नोंद या गोष्टी निबंधकाकडे नसतात, तलाठ्याकडे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अहवालात त्या दप्तराचा उल्लेख आहे का, ते बघा. नसेल तर तिथले कागद पाहणाऱ्या स्थानिक वकिलाकडून दुसरा अहवाल करून घ्या. तो खर्च खरेदीच्या मुद्रांक शुल्काच्या मानाने अगदीच थोडा असतो.

दुसरा प्रश्न एका ताईंचा. वकील बदलायचा आहे, पण जुने वकील म्हणतात, बाकी फी दिल्याशिवाय फाईल देणार नाही; ते फाईल अडवू शकतात का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ठरवलंय, की फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. फीसाठी त्याने वेगळी कायदेशीर वाट धरावी. तुम्ही लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि नव्या वकिलांचं वकीलपत्र दाखल करताना जुन्यांची ना-हरकत मिळत नसेल तर कोर्टाला तसा अर्ज द्या. मूळ खरेदीखत आणि प्रमाणपत्रं आधी मागा. बाकी कागदांच्या नकला कोर्टातून काढता येतात.